पडद्यामागचा खोकला

गेर्नोट फिंकबाइनरला ऑर्केस्ट्रातल्या मुख्य चेलोवादकाची खुर्ची हवी होती, आणि त्यासाठी आज त्याला, त्याला स्वतःला, परीक्षा द्यायची होती. मागच्या बाकावरून सरकत सरकत मुख्याच्या शेजारी येईपर्यंत त्याच्या केसांचा कापूस झाला होता. आता मुख्य निवृत्त झाला. ही संधी गेली की पुढची नाही. पण नियम म्हणजे नियम. उमेदवार आतला असो की बाहेरचा, त्याने पडद्यामागे बसून वाजवायचं. बुटांवरूनही ओळख पटू नये म्हणून पायाखाली गालिचा. पडद्याच्या अलीकडे सगळे वादक नुसते ऐकणार आणि हात वर करणार.

आजवर गेर्नोट अलीकडेच बसत आला होता. पलीकडे कोवळी पोरं जीव ओतायची आणि हा चार ओळींतच जांभई देऊन म्हणायचा, "पुढचा."

आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याने व्हायोलावाल्या हेडविगला गाठलं.

"सुरू करण्याआधी मी दोनदा खोकेन. आपल्या माणसांना सांगून ठेव."

"तुझं वाजवणं आम्हाला ओळखू येणार नाही होय रे?"

"तुला येईल गं. ट्रॉम्बोनवाल्यांचं काय? त्यांना कान कुठे असतात."

सकाळी चिठ्ठ्या निघाल्या. गेर्नोटला सातवा नंबर. चार नंबरची मुलगी कोपऱ्यात उकडलेलं अंडं सोलत बसली होती.

"घाबरू नकोस हो, बाळ," गेर्नोट तिला म्हणाला. "फार वेळ बसवत नाहीत. चार ओळी, की घरी."

"तुम्हाला बराच अनुभव दिसतो, काका," मुलगी म्हणाली आणि अंड्यावर मीठ भुरभुरवलं.

त्याची पाळी आली. पडदा कुठल्या जुन्या नाटकाचा होता कोण जाणे, हात लागताच धुळीचा लोट उठला. गेर्नोट ठरल्याप्रमाणे दोनदा खोकला आणि निर्धास्त वाजवत सुटला. इतका निर्धास्त, की दोन जागी बोट घसरलं, तेही त्याने मोठ्या मनाने सोडून दिलं. आपल्याच माणसांपुढे कसला संकोच!

निकाल लागताच हेडविग धापा टाकत जिन्यात आली.

"गेर्नोट, अरे, डोळ्यांत पाणी आणलंस. दुधावरची साय बोटाने अलगद उचलावी, तसा एकेक सूर. इतक्या वर्षांत तू असं कधी वाजवलं नव्हतंस. चार नंबरला सगळ्यांचे हात वर!"

गेर्नोटने जिन्याचा कठडा धरला.

"चार?"

"तिसऱ्यानंतर तो जुना पडदा जरा ओढून घेतला, आणि चार नंबर दोनदा खोकला. लगेच ओळखलं. मग काय, पाच खोकला, सहा खोकला, सातही खोकला. तुझी खूण फुटली होती रे. पण आम्ही फसतोय होय? आणि तो सात नंबर! फळ्या कापत होता नुसता. ट्रॉम्बोनवाले हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. 'पुढचा' म्हणायला तू हवा होतास."

"हो," गेर्नोट म्हणाला. "मलाही दारातून ऐकू आला. गाढव आहे."

"बिचाऱ्याला अजून माहीत नाही. तू आत चाललाच आहेस तर सांग, घरी जा म्हणून. जरा गोड शब्दांत. आणि पुढच्या फेरीला पडदा नाही हं, हसत ये."

गेर्नोट उमेदवारांच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने चेलोची पेटी पाठीवर टाकून बाहेर आला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"परीक्षकांना संगीतातलं ओ का ठो कळत नाही म्हणाला."

"सगळे तसंच म्हणतात," हेडविग म्हणाली. "पण तू पेटी घेऊन कुठे निघालास?"