गळतीची पात्रता

खाडीकाठच्या मोरखोल गावातल्या प्राथमिक शाळेचं छप्पर गळत होतं, आणि ही बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आणून दिलेली होती. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त महागात पडते, हे मुख्याध्यापिका तैयबा मॅडमना ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर चौथीत जाणारी काशिफा होती. मागच्या पावसाळ्यात पोरीची वह्यापुस्तकं दोनदा भिजली, तेव्हा तिच्या आईनं निक्षून सांगितलं होतं, "यंदा छप्पर झालं तर ठीक, न्हायतर काशिफा घरी बसंल. खाडीपलीकडच्या शाळेत मी तिला पावसात तरीच्या होडीनं पाठवायची न्हाय." छप्पर होईल, अशी मॅडमनी जबान दिली.

वरिष्ठांकडे पाठवलेल्या छपराच्या प्रस्तावाचं उत्तर आठवड्यात आलं. छपरासाठी निधी नव्हता. पण निधीची ताजी माहिती शाळांना कळवण्यासाठी भरपूर निधी आला होता. त्यातून 'शालेय निधी व साहाय्य अद्ययावत कक्ष' स्थापन झाला. तिथे सहा माणसं, तीन संगणक आणि थंड हवेचं यंत्र होतं. मॅडमच्या फोनवर रोज संदेश येऊ लागला, 'आपला प्रस्ताव विचाराधीन आहे.' तो वाचल्याचं चोवीस तासांत न कळवल्यास शाळेला गरज नाही असं समजलं जाणार होतं. शाळेत रेंज नाही, म्हणून मॅडम रोज मधल्या सुट्टीत धक्क्याच्या टोकाला जाऊन फोन उंच धरून उभ्या राहत. मासळीवाल्या बायका विचारत, "आलं का छप्पर?"

"विचारात हाय," मॅडम म्हणत. त्यांची भाषाही बिघडत चालली होती.

एप्रिलात संदेश बदलला. 'गळतीचा फोटो जोडावा. फोटोत वर पाहणारे किमान तीन विद्यार्थी असावेत.' मॅडमनी पाठवला. उत्तर आलं, 'फोटोत छप्पर गळताना आढळून येत नाही.' उन्हाळ्यात ते आढळणार कुठून? शेवटी शाळा समितीचा अध्यक्ष धर्मा बादली घेऊन कौलांवर चढला आणि त्यानं वरून पाणी ओतलं. पहिल्या फोटोत धर्माचे पाय आले, म्हणून तो नामंजूर झाला. दुसरा मान्य झाला आणि प्रस्ताव 'गळती सिद्ध' या गटात गेला. गावानं पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं.

घोटाळा झाला तो जूनच्या तोंडावर, आणि तो गावाच्या चांगुलपणानंच केला. मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या, आणि दर वर्षीप्रमाणे माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालून लोकांनी त्या शाकारल्या. झाप उरले. शारिक तांडेल म्हणाला, "मॅडम, होडीला आपण पाऊस लागू देत न्हाय. पोरांना कशाला लागू द्यायचा?" जुम्म्याची नमाज आटोपून तो आला, धर्माही आपली माणसं घेऊन आला, आणि संध्याकाळपर्यंत शाळा शाकारून झाली. शाळा उघडली त्या दिवशी धो धो पाऊस कोसळत होता. वर्गात थेंब नव्हता, आणि काशिफा पहिल्या बाकावर बसून पाढे म्हणत होती. मॅडमना भरून आलं. त्या आनंदात त्यांनी कोरड्या वर्गाचा फोटो काढून प्रामाणिकपणे कक्षाला पाठवला. प्रामाणिक माणसाच्या हाती फोन देऊ नये म्हणतात ते उगाच नाही.

'अभिनंदन! आपली शाळा गळत नसल्याने प्रस्ताव कायमचा बंद करण्यात येत आहे.'

मॅडम धावत कक्षात गेल्या. कक्षप्रमुख विपुल सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस सज्जन होता. नियमाबाहेर त्यानं कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं.

"सर, ते झाप आहेत. दोन महिन्यांत कुजतील."

"मॅडम, गळती ही तुमची पात्रता होती. ती तुम्हीच घालवलीत. छप्पर मूळ स्थितीत आणा, मी प्रस्ताव पुन्हा उघडतो."

"मुलं भिजतील हो!"

"भिजलेल्या मुलांना प्राधान्य आहे," विपुल सर आपुलकीनं म्हणाले.

पक्क्या छपराच्या आशेनं मॅडमनी झाप उतरवायला सांगितले. शारिकनं दोऱ्या सोडल्या, पण तो बोलल्याशिवाय राहिला नाही. "होडी फोडून दर्याकडं फळी मागायची, असं झालं हे, मॅडम." मॅडम स्वतः झाप आवरू लागल्या. त्यांना स्वतःचाच संताप आला होता.

चौथ्या दिवशी काशिफा यायची बंद झाली. ती घरी बसून सुका जवळा निवडू लागली. मग एकेक करत बाकीची गळाली. फोटोपुरती तीन मुलं उरली. त्यांना वर बघायची इतकी सवय झाली होती की फळ्याकडे बघा म्हटलं तरी ती आढ्याकडे बघत.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास वरातीमागून घोडं आलं. छप्पर मंजूर झालं! फक्त तीन मुलांवर छप्पर घालणं नियमात बसत नव्हतं, आणि निधी परत जाणं कुणालाच परवडत नव्हतं. म्हणून ते अद्ययावत कक्षाच्या इमारतीवर घालण्यात आलं. कक्षानं लगेच फोटो पाठवला, 'मोरखोल शाळेचा प्रस्ताव यशस्वी.' तो शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात पोचला. गटात दोनशे चौदा माणसं, कुणी दुबईत, कुणी न्हावा शेव्याच्या बंदरात. तासाभरात पसंतीच्या अंगठ्यांचा पाऊस पडला. 'माझी शाळा, माझा अभिमान' असंही कुणी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी भर पावसात काशिफाची आई पोरीला दप्तरासकट घेऊन दारात उभी राहिली. "गटात आलेला फोटो बघितला, मॅडम. तुम्ही जबान पाळलीत."

मॅडमनी फोन उघडला. फोटोतल्या छपराखाली थंड हवेचं यंत्र चांगलं ठळक दिसत होतं. मोरखोलच्या शाळेत साधा पंखाही नाही, हे गटातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण अंगठा द्यायला फोटो बघावा लागतो, असा नियम अजून कुठल्या कक्षानं काढलेला नाही.

तुमच्याही गावच्या शाळेचा परवा एक फोटो आला होता. पुन्हा उघडून बघा. अंगठा तुम्ही दिलेलाच आहे.