खार प्रकरण आणि आबासाहेबांची कवळी

श्रीशेगडी प्रसन्न. निखाऱ्यास वंदन, मिठास त्रिवार मुजरा. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष वद्यपक्षी, नाताळ तोंडावर आला असता रविवारी जे वर्तले ते डोळा देखिले, कानी ऐकिले तैसे लिहिले असे. एखादे अक्षर वाढीव निघाल्यास फोडणीसमान जाणावे.

आमच्या घररूपी राज्याचे थोरले धनी आबासाहेब. त्यांच्या दातांची जुनी फौज एकेक करोन कामी आली, म्हणोन नवी कवळी चाकरीस ठेविली. गत ईस्टरच्या पंगतीत पोर्क चॉप वाढिले, ते ऐसे वाळले होते की चपलेचा तळ बरा, आणि आबासाहेबांनी घास तोडावयास जोर केला तो कवळीच चॉपास धरोन बाहेर आली आणि ताटात बसली, आणि एका पाहुण्याने तिजला हात जोडोन "हॅपी ईस्टर!" म्हटले, मग अवघी पंगत हसली. आबासाहेबही हसले. परंतु दुसरे दिवसापासोन त्यांनी आपले ताट खोलीत मागविले, ताटात पेज आणि पेजेत चमचा, आणि मेजावरील त्यांची खुर्ची रिकामी पडली, आणि घरातले हसणे निम्म्यावर आले, कारण की विनोद सारे तेच करीत.

ऐशा समयी राजकन्या नातालीनबाई, आबासाहेबांच्या नात, इयत्ता दहावी, नुकत्याच शाळेच्या वादविवादात बक्षीस मारोन आलेल्या, आत्मविश्वास अंगात मावेना, त्यांनी भर स्वयंपाकघरात विडा उचलिला की नाताळास आबा मेजावर बसोन चॉप खातील, आणि त्याची रंगीत तालीम आजच. मग पातेल्यात पाणी, मीठ, थोडा गूळ, ठेचलेली लसूण, मिरी आणि तमालपत्र घालोन खार उकळिला, आणि तो पुरता थंड होईतो धीर धरिला, हा पराक्रम थोर, आणि मग हाडासकट जाड चॉप त्यात बुडविले.

मातोश्री बोलिल्या, "अगं, पोर्क भिजत घालतेस? ते काय हरभरे आहेत, मोड आणायला?"

"मीठ आत शिरलं की रस धरून ठेवतं, आई. भाजताना सगळाच पळून जात नाही."

"आणि बिघडलं तर?"

"तर मी पण आबांसोबत खोलीत बसून पेज खाईन. वर्षभर!"

मातोश्रींनी कपाळास हात लाविला आणि बाजारास गेल्या. पातेले झाकोन फ्रिजात गेले आणि राजकन्या चर्चमध्ये गाण्याच्या सरावास निघाल्या, आणि वाटेतोन शेजारी राहणाऱ्या आबासाहेबांच्या धाकट्या भगिनी, अवघ्या घराच्या सेलेस्तीन आत्या, यांस फोन केला, "आत्या, घरी आबा एकटेच आहेत, जरा डोकावून ये. आणि हो, फ्रिजमध्ये खार आहे, झाकण काढू नकोस हं! संध्याकाळी भाजायचंय." आणि फोन ठेविला. येथे घात जाहला. कारण की परसातल्या बदामावर एक खार राहत असे, शेपूट झुपकेदार, ती खिडकीने येवोन नित्य पाव पळवी, आणि आत्याच एकदा चिडोन बोलिल्या होत्या की हिला कोणीतरी पकडा गं.

आत्या धावत आल्या. फ्रिज उघडिला, पातेले देखिले, आणि हंबरडा फोडिला, "अगो बाय! मी आपली रागात बोलले, आणि ही पोरगी खरंच भाजायला निघाली!" मग डोळे मिटोन पातेले उचलिले आणि परसात नेवोन बदामाखाली उपडे करावे, जीव असेल तर पळेल, ऐसा बेत करोन चालिल्या. तो गलबला ऐकोन आबासाहेब काठी टेकीत, कित्येक महिन्यांनी, स्वयंपाकघरात आले.

"थांब! आधी बघू दे, जिवंत आहे का."

"नको हो दादा, मला बघवणार नाही!"

आबासाहेबांनी झाकण काढिले. लसणीचा वास आला, मिरीचा आला, आणि चॉप दिसले. आबासाहेब खुर्चीवर बसोन ऐसे हसले की काठी पडली. "सेलेस्तीन, ही खार नाही गं. हा खार आहे!"

सांजवेळी राजकन्येने चॉप काढोन फडक्याने कोरडे टिपिले, तेलाचा हात फिरविला, आणि धगधगत्या शेगडीच्या जाळीवर ठेविले, आणि चर्र ऐसा नाद उठला, आणि एक बाजू तांबूस होताच दुसरी फिरविली, आणि आतवर शिजताच काढोन झाकोन ठेविले. आत्यांचा हात पुढे आला तो राजकन्या कडाडल्या, "हात मागे! रस बसू दे आत." मग मातोश्री सवयीने पेज घेवोन खोलीकडे निघाल्या, तो आबासाहेब बोलिले, "आज इथेच बसतो." बसले खरे, परंतु घास हाती घेतला आणि दुसरा हात हनुवटीस लाविला. "पडली तर गं?"

"पडली तर मीही माझी दातांची क्लिप काढून शेजारी ठेवते, आबा. जोडी शोभेल."

घास आत गेला. आबासाहेबांनी तो चावला, आणखी चावला, आणि हनुवटीवरील हात खाली आला, आणि त्या हाताने त्यांनी दुसरा चॉप ओढिला. बोलिले, "सेलेस्तीन, तुझी खार फारच मऊ निघाली."

एवंच, कवळी आपल्या ठाण्यावर कायम राहिली, आबासाहेबांची खुर्ची आबासाहेबांस परत मिळाली, बदामावरील खार सुखरूप असोन पाव पळवीतच आहे, आणि राज्यात हुकूम जाहला की फ्रिजात खार ठेविल्यास ती की तो, हे आधी सांगावे. लेखणी येथे ठेविली, हात धुवोन मेजावर जाणे आहे, आबा हाका मारतात.