पाच बटणांचा समुद्र

वारा कोणाच्या बापाचा नोकर नसतो. म्हणूनच त्याचं वेळापत्रक आखणं हे प्रत्येक जबाबदार कुटुंबप्रमुखाचं कर्तव्य ठरतं.

शिडाच्या बोटीने पाच बेटं करायची, असं नवऱ्याने (कार्यालयात तो इतरांचे रजेचे अर्ज नामंजूर करतो) जाहीर केलं, तेव्हा तिने आनंदाच्या भरात बाळाला झबलं उलटं घातलं. बाळ झाल्यापासून चौदा महिन्यांत तिने दवाखान्यापलीकडचं जग पाहिलं नव्हतं.

रजा सात दिवसांची. परंतु प्रत्येक बेटाचा वारा वेगळा, आणि अपरिचित वाऱ्यात कुटुंब नेणं नियमबाह्य. सबब सोमवारपासून दिवाणखान्यात सराव सुरू झाला. बोट : बाळाचा टब. शीड : डबल बेडची चादर. वारा : उभा पंखा, बटणं पाच, बेटंही पाच (हा योगायोग त्याने शुभ मानला).

पहिल्या बटणावर सासरे खुर्चीत झोपले. शेरा : 'वारा समाधानकारक.' दुसऱ्यावर बाळ इतकं खिदळलं की त्याला उचकी लागली. शेरा : 'प्रवाशाचं वर्तन गंभीर नाही, पुन्हा सराव.' त्यात मंगळवार गेला, बुधवारही गेला.

"अहो, तिकिटं?"

"आधी तिसरं बटण पास होऊ दे. घाईत बुडतात लोक!"

"आणि घरात बसून काय होतं?"

"अभ्यास होतो."

गुरुवारी त्याने धीर करून थेट पाचवं दाबलं. चादर सुटली आणि चहा घेऊन येणाऱ्या सासूबाईंवर नखशिखांत बसली.

"अरे मेल्या, काढ हे! मी काय बेट आहे?"

त्याने वहीत लिहिलं, 'अडथळा : एक, बोलका.'

चादरीतून बाहेर आलेल्या सासूबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या. सुनेच्या कानाशी म्हणाल्या, "बाळाचे कपडे भर. माझी पिशवी भरलेलीच असते, लग्न झाल्यापासून."

शुक्रवारी सकाळी तो जाड चादर आणायला बाजारात गेला.

दुपारी फोटो आला : शीड तट्ट फुगलेलं, सासूबाईंचा अंबाडा सुटलेला, बाळ हसून हसून लालबुंद, आणि तिच्या अंगावरचा गाऊन उलटा. खाली ओळ : 'वारा सहाव्या बटणाचा आहे.'

तो पंख्यापाशी गेला. बटणं मोजली. पाच. पुन्हा मोजली.

तुम्हीही आत्ता मान वर करून आपल्या पंख्याकडे पाहिलंत. हरकत नाही, अभ्यास चांगलाच असतो. फक्त उठा, आणि आधी घरातल्या पिशव्या मोजा.