पाठकोऱ्या कागदावरचं भाषण

जगातल्या बायकांच्या हक्कांवर बोलायचं तर अख्ख्या इंदापूर तालुक्यात माझ्या तोडीचा माणूस नव्हता. हे दुसऱ्या कुणी म्हणायची वाट मी बघितली नाही, माझं मीच ठरवून टाकलं. लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नट-बोल्ट मोजायचो. म्हणजे हात मोजायचे. डोकं कधी बीजिंगला असायचं, कधी जिनिव्हाला. बीजिंगला बायकांची मोठी परिषद झाली, त्याला तीन वर्षं उलटली होती, पण तिचं पेपरातलं कात्रण अजून माझ्या डब्याच्या पिशवीत होतं. चटणीचं तेल लागून त्यातला अर्धा चीन पारदर्शक झाला होता.

अशात १९९८ साल संपत आलं. दहा डिसेंबरला मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षं होणार होती, आणि वार आला गुरुवार! गुरुवारी एमआयडीसीची वीज बंद, म्हणजे आम्हाला सुट्टी. साऱ्या जगानं मिळून नेमका माझ्या सुट्टीचा दिवस निवडला होता. हा योगायोग आहे असं मानायला मी तयार नव्हतो.

मी लगेच कळसच्या आमच्या समाजमंदिरात मंडळाची बैठक बोलावली आणि जाहीर केलं, की त्या दिवशी ‘जागतिक मानवी हक्क आणि स्त्रिया’ या विषयावर चर्चा होईल आणि मुख्य भाषण मी करीन. मंडळाचा सेक्रेटरी बुद्धघोष हा शाळामास्तर, त्यामुळे त्याला शंका काढायची सवय. त्यानं विचारलं, की जगातल्या बायकांबरोबर गावातल्या बायकाही विषयात घ्यायच्या का? मला हसू आलं. आपल्यात तो प्रश्न छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हाच मिटला, असं मी त्याला समजावलं. माझंच घर बघ म्हटलं, करुणाला मी आजवर कशालाही नको म्हटलेलं नाही.

हे अगदी खरं होतं. नको असं मी बायकोला कधीच म्हटलं नव्हतं. हो असंही म्हटलं नव्हतं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पाहुण्या म्हणून चांदगुडे मॅडमना बोलवायचं ठरलं. त्या मूळच्या सुप्याच्या, आणि बारामतीत बायकांना बालवाडीच्या शिक्षिका करणारी एक संस्था चालवायच्या. सहा महिने तिथंच राहायचं, शिकायचं, मग गावात येऊन बालवाडी काढायची, असं त्यांचं काम होतं. त्यांचं नाव ऐकून करुणाचा चेहरा का उजळला, ते मी विचारलं नाही. माझ्या भाषणाला तोलामोलाचं माणूस मिळालं म्हणून तिला बरं वाटलं असेल, असं मी धरून चाललो.

दिवाळीपासून करुणा मला रोज एक प्रश्न विचारत होती. “अवो, त्यो कागद बघितला का?”

मी म्हणायचो, “बघतो.”

आणि मी बघतही होतो. पण समोर जिनिव्हाचं तळं असायचं. एकदा जेवताना तिनं मला बारामतीचं काहीतरी बराच वेळ सांगितलं होतं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढून आफ्रिकेतली एक बाई डोक्यावर हंडा घेऊन वाळूतून चालली होती. तिच्या पायांखालची वाळू सोन्यासारखी चमकत होती, आणि मला तिचं इतकं वाईट वाटत होतं की घास उतरेना. मला वाढून झाल्यावर करुणा हंडा घेऊन नळावर गेली, ते मला दिसलं नाही.

आता माझी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिनंच केला. मला दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदावर लिहिता येत नाही. कोरा कागद बघितला की छाती दडपते. एका बाजूला काहीतरी छापलेलं हवं, मग पाठीमागं माझे विचार कॅनॉलला पाणी सोडल्यासारखे धावतात. लग्नपत्रिका, कारखान्याची चलनं, औषधांची पत्रकं, सगळ्यांच्या पाठी मी वापरल्या आहेत. सोमवारी संध्याकाळी भाषण सुचलं आणि हाताशी कागद नव्हता. रेडिओखाली एक फुलस्केप दिसला, पाठकोरा आणि गुळगुळीत. मी तो ओढला, पालथा घातला आणि लिहीत सुटलो. एका कोपऱ्यात कागद जरा जाड लागला, पेन तिथं दोनदा अडखळलं. हल्ली कागदाचा दर्जाच राहिला नाही, असं म्हणून मी पुढं गेलो.

मंगळवारी सकाळी करुणानं रेडिओ पुसला. मग तिला माझ्या शर्टाच्या खिशातली घडी दिसली.

“खिशात ठेवलाय न्हवं? हरवू नका बरं,” ती म्हणाली.

“जिवापाड जपलाय,” मी म्हणालो.

“मग मॅडमच्या हातात कवा देणार?”

“गुरुवारी. भरसभेत!”

ती हसली. तसं हसताना मी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या वक्तृत्वाचा बायकोवर एवढा परिणाम होतो हे मला माहीतच नव्हतं! त्या दिवशी आमटीत खोबरं पडलं. बुधवारी तिनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढून घासली आणि अंगणात उन्हाला ठेवली. आईनं, म्हणजे ताईबाईनं, आपलं जपून ठेवलेलं लुगडं तिच्यापुढं टाकलं आणि थंडीत अंथरायला होईल म्हणाली. मी उंबऱ्यावर बसून त्या ट्रंकेकडं बघत राहिलो. उन्हात ती चांदीची वाटत होती. गुरुवारच्या भाषणानंतर मला पुण्याहून बोलावणं येणार, मग मुंबईहून, मग समुद्रापलीकडून, हे त्या दोघींना आधीच कळलं होतं तर! मला भरून आलं. मी करुणाला म्हटलं, की एवढी मोठी ट्रंक कशाला, मला पिशवीसुद्धा पुरेल.

“तुमाला कशाला पिशवी?” ती म्हणाली आणि हसत आत गेली.

बरोबरच होतं. थोर वक्ते पिशवी घेऊन हिंडत नाहीत.

गुरुवारी तीनला समाजमंदिर भरलं. डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष, पुढं आमचे आबा, म्हणजे वडील श्रीपती, काठीवर हनुवटी टेकून. मॅडम माझ्याशेजारच्या खुर्चीवर. वंदना झाली, हार झाले, मॅडमचे चार शब्द झाले. दार पश्चिमेला, माझ्या बरोबर समोर. बाहेर उसाच्या तुऱ्यांवर ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. मी उभा राहिलो, घडी उलगडली आणि कागद डोळ्यांपुढं उंच धरला. कागद पोटाशी धरून, मान खाली घालून वाचणारे वक्ते मला आवडत नाहीत.

“बंधूंनो आणि भगिनींनो, या जगात अशा असंख्य स्त्रिया आहेत की ज्यांचा चेहरासुद्धा जगानं कधी पाहिलेला नाही!”

बायकांत खसखस पिकली. मला ते अपेक्षित नव्हतं, पण दाद ती दाद. मी आवाज चढवला.

“ज्यांच्या इच्छांचे अर्ज वर्षानुवर्षं कुणी वाचतसुद्धा नाही!”

आता सगळं समाजमंदिर पुढं वाकून माझ्या हाताकडं बघायला लागलं. पहिल्या ओळीत फुलाबाई बसल्या होत्या. साठाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेल्या, त्यामुळे दिसेल ते मोठ्यानं वाचायच्या. त्या बोट हवेत फिरवत काहीतरी जुळवत होत्या, “अ-र्ज-दा-रा-चं ना-व...” म्हातारी भारावून असंबद्ध बोलतेय, असं मला वाटलं. बुद्धघोषनं माझा शर्ट ओढला. मी त्याचा हात झटकला. जळणारी माणसं सगळीकडं असतात.

मी चीनमधून निघालो होतो आणि आफ्रिकेच्या वाळवंटावर आलो होतो, तेवढ्यात ऊन दारातून थेट आत शिरलं आणि कागदावर पडलं. कागद पेटल्यासारखा उजळला. माझ्या ओळींच्या आतून दुसऱ्याच ओळी वर यायला लागल्या, तळ्याच्या तळातून काहीतरी वर यावं तशा. एका कोपऱ्यात काळा चौकोन दिसायला लागला. अक्षरं उलटी होती, पण त्यांचा एका बाजूला कललेला तोल मला ओळखीचा वाटला. वाण्याच्या यादीत तो मी दर महिन्याला बघत होतो. माझ्या आफ्रिकेतल्या बाईच्या अंगावरून करुणाचं अक्षर चाललं होतं. ते दृश्य इतकं सुंदर होतं की ते खरं आहे हे कळायला मला उशीर झाला.

मी कागद उलटा केला.

तो मॅडमच्या संस्थेचा प्रवेश अर्ज होता. कोपऱ्यात करुणाचा फोटो, इंदापूरला काढलेला, तोच तो जाड कोपरा. शिक्षण दहावी पास. आणि ‘शिकण्याचे कारण’ या रकान्यात तिनं लिहिलं होतं, “लग्नाच्या आधी मी वस्तीतल्या पोरांना शिकवत होते. ते मला फार आवडायचं.” नऊ वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. त्याखाली अर्ज देण्याची मुदत, दहा डिसेंबर. आणि तळाला ‘पतीची संमती व सही’. तिथला कागद मात्र खरोखर कोरा होता.

मी करुणाकडं बघितलं. ती रागावली असती तर मला चाललं असतं. पण हात करूनही न थांबलेल्या एसटीकडं बघावं तशी ती बघत होती.

“तुमी सही केलीच न्हाय व्हय?” ती हळूच म्हणाली.

ट्रंक, लुगडं, आमटीतलं खोबरं, सगळं माझ्या डोक्यात धडाधड जागच्या जागी जाऊन बसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वक्ता तो वक्ता! मी खिशातून शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि सभेला म्हणालो, “ही सही मी आत्ता, तुम्हा सर्वांच्या साक्षीनं करतो!”

“थांब, रवी.” आई उठून उभी राहिली. “तू कारखान्याचा फारम भरलास, तवा तिची सही घेतली हुतीस का?”

“न्हाय,” मी म्हणालो. मोठा वक्ता असलो तरी आईपुढं माझं गावच बोलतं.

“रात्रपाळी घेतलीस, तवा?”

“न्हाय.”

“मग तिच्या फारमावर तुजी कशाला?”

आणि चर्चा सुरू झाली. खरी चर्चा! मी दीड महिना जिची तयारी केली, ती ही नव्हे. आबा म्हणाले, नियम हाय तर हाय, घरातल्या माणसानं विचारायला नको का? फुलाबाई म्हणाल्या, विचारावं की, पण दोघांनी एकमेकांना विचारावं. पुरुषांतून कुणी म्हणालं, सहा महिने बाई बारामतीला राहिली तर घरचं, पोरीचं कोण बघणार? बायकांतून उलटा प्रश्न आला, रवींद्र जिनिव्हाला गेला असता तर कोण बघणार होतं? माझं जिनिव्हा अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं, ते तेव्हा कळलं. बीजिंगचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी आई मॅडमकडं वळली आणि हा रकाना कुणी घातला, एवढंच तिनं विचारलं.

मॅडमनी वाकून माझ्या हातातल्या अर्जावरचा तो रकाना वाचला. मग म्हणाल्या, “अर्ज जुनाच छापत आलोय आम्ही. मी शिकायला गेले तेव्हा वडिलांची सही नेली होती. हा रकाना कशाला, असं मला कुणी विचारलंच नव्हतं.”

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, स्वतःच्या पेननं तो रकाना आडवा खोडला आणि शेजारी सही केली. करुणा उठली, चालत वर आली आणि अर्जदाराच्या जागी आपली सही केली. मी शेजारी उघडं पेन धरून उभा होतो. थोड्या वेळानं ते मी तसंच खिशात ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या छातीवर आफ्रिकेएवढा निळा डाग पडला होता.

मॅडम अर्ज पिशवीत घालायला लागल्या, तेव्हा मी अगदी हळू आवाजात म्हणालो, की मागं माझं भाषण आहे, उरलेलं उतरवून घेऊ का? त्यांनी घड्याळात बघितलं. बारामतीची गाडी पंधरा मिनिटांत होती. अर्ज आजच पोचायला हवा, असं म्हणून त्यांनी चेन ओढली. वाळवंटाच्या पुढं काय होतं ते मलाही आता आठवत नाही.

दहा-बारा दिवसांनी बारामतीहून पाकीट आलं. करुणानं ते आई-आबांपुढं वाचून दाखवलं, एक जानेवारीपासून प्रवेश. आबा उठून ट्रंकेच्या कडीला तेल घालायला लागले. माझी लेक साक्षी तेव्हा पहिलीत होती. त्या दिवसापासून मी तिच्या वेण्या घालायला शिकायला लागलो. पहिल्या वेणीला पाऊण तास लागला, आणि ती शाळेत पोचेपर्यंत सुटली.

सगळ्यांचं वाचून झाल्यावर मी पत्र मागून घेतलं. संस्थेतली शिकलीसवरलेली माणसं, त्यांनी अर्ज उलटून बघितलाच असणार, माझ्या भाषणावर दोन शब्द तरी लिहिले असणार. मी खाली बघितलं. खरंच लिहिलं होतं! करुणाच्या नावाखाली, शिक्क्याच्या वर, बारीक टाइपात एक ओळ होती: ‘अर्जाच्या मागील बाजूचा मजकूर विचारात घेण्यात आलेला नाही.’