नियम बेचाळिसावा

साहेबांनी टीम उभी केली त्याला अकरा दिवस झाले होते आणि या अकरा दिवसांत त्यांनी टीमला एकाही कामाला हात लावू दिला नव्हता.

तसे साहेब घरं विकण्यात भलतेच वाकबगार. एकोणीस वर्षं धंदा एकट्याने केला. जाहिरात तेच लिहिणार, फोटो तेच काढणार, ग्राहक येण्याआधी अर्धा तास जाऊन रिकाम्या घराच्या खिडक्या तेच उघडणार आणि बेसिनमधलं झुरळही तेच मारणार. यात रविवार कधी आला आणि कधी गेला, हे त्यांना कळायचं नाही. बायकोला मात्र बरोबर कळायचं.

"अहो, सहा दिवस लोकांना घरं दाखवा," तिने शेवटी निक्षून सांगितलं. "सातव्या दिवशी स्वतःचं बघा. माणसं ठेवा हाताखाली."

म्हणून टीम. टीम म्हणजे दोन माणसं. एक, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. दुसरा, साहेबांचा सख्खा मेहुणा, ज्याने आजवर विमा, गाद्या आणि पाण्याचे फिल्टर विकून पाहिले होते. दोघांना साहेबांनी एक वही दिली. वहीत एक्केचाळीस नियम. घरात शिरताना पादत्राणं दाराबाहेर काढायची. फोन आवाज बंद करून ठेवायचा. उघडं कपाट दिसलं की लगेच कडी लावायची. घर दाखवताना खुद्द साहेबांचा फोन आला तरी कापायचा. आणि कसलाही विचित्र आवाज आला, तर न डगमगता म्हणायचं, "वरच्या मजल्यावर काम चाललंय."

आज रविवार. त्यातून लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. साडेबाराला हॉटेलात टेबल राखून ठेवलेलं. आणि नेमकं आजच अकरा वाजता, आठ महिने पडून राहिलेलं सर्वांत वरच्या मजल्यावरचं घर बघायला एक दातांच्या डॉक्टरीणबाई सासूबाईंना घेऊन येणार होत्या. ते काम टीमकडे होतं.

"आज तिकडे फिरकलात ना," बायको म्हणाली, "तर मी एकटी जेवायला जाईन. फोटोसुद्धा एकटीचा काढीन आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवीन."

"छे गं! टीम आहे की!" साहेब म्हणाले. सव्वादहापर्यंत त्यांनी कशीबशी कळ काढली. मग उठले. "जरा पाव घेऊन येतो."

"पाव? जेवायला बाहेर जायचंय ना?"

"संध्याकाळला लागेल."

"या घेऊन," बायको म्हणाली. इतक्या सहज परवानगी मिळाली, इथेच खरं तर साहेबांनी सावध व्हायला हवं होतं. पण डोक्यात त्या घराच्या खिडक्या!

साडेदहाला साहेब पाव बगलेत मारून त्या घरात हजर. सवयीने चपला दाराबाहेर काढल्या, खिडक्या उघडल्या, दिवे लावून पाहिले. आता सटकायचं, एवढ्यात जिन्यात बाईंचा आवाज आला. टीम अर्धा तास आधी आली होती. का, तर वहीत तसा नियमच होता! साहेबांची पाचावर धारण बसली. समोर झोपायच्या खोलीतलं भिंतीतलं मोठं कपाट होतं. ते पावासकट आत शिरले आणि दार ओढून घेतलं.

बाई आणि मेहुणा आत आले. खोल्यांतून फिरले. पावलं कपाटापाशी थांबली.

"कपाट नीट लागलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मग लावा की!" मेहुणा म्हणाला.

बाहेरून कडी खट्कन बसली.

साहेबांनी अंधारात मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याने कापला. बाईंना लावला. बाईंनीही कापला. टीम किती शिस्तीची आहे हे पाहून साहेबांना क्षणभर बरं वाटलं आणि लगेच रडू यायला लागलं. शेवटी त्यांनी हलकेच दारावर टकटक केली. दुर्दैवाने तोवर अकरा वाजले होते आणि ग्राहक खोलीत पोचले होते.

"हा कसला आवाज?" सासूबाईंनी विचारलं.

"वरच्या मजल्यावर काम चाललंय," मेहुणा न डगमगता म्हणाला.

"वर मजला आहे कुठे? तुम्हीच म्हणालात ना, हा शेवटचा?"

मेहुण्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी तीस वर्षं वर्ग सांभाळलेला. "गच्चीवर," त्या म्हणाल्या.

"गच्चीवर काम? म्हणजे गच्ची गळते!" सासूबाई सुनेकडे वळल्या. "चल गं. मी म्हटलंच होतं, आठ महिने घर उगाच पडून राहत नाही."

आत साहेबांनी कपाळ बडवून घेतलं. तोही आवाज बाहेर गेला. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरू लागला. बायको! आवाज बंद होता खरा, पण फोन लाकडी फळीला लागून असा काही गुरगुरला की सासूबाई दोन पावलं मागे सरल्या आणि मग चिडून चार पावलं पुढे आल्या. त्यांनी कडी काढली आणि दार उघडलं.

आत टीम लीडर. ताठ उभे. छातीशी पाव.

डॉक्टरीणबाईंचं तोंड इतकं उघडलं की त्यांचेच दात तपासता आले असते.

"हे," बाई फळ्यासमोर उभं राहावं तशा शांतपणे म्हणाल्या, "मापासाठी. कपाटात एक पूर्ण वाढलेला माणूस आरामात मावतो."

"आणि हा पाव?" सासूबाईंनी डोळे बारीक केले.

"भिंतीला ओल असती, तर पावाला वास लागला असता," मेहुण्याने ठोकून दिलं. "बघा हुंगून."

सासूबाईंनी पाव हातात घेतला. हुंगला. दाबून पाहिला. "किती वेळ आहात आत?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"पाऊण... पाऊण तास झाला असेल."

"जीव नाही ना घुसमटला?"

"नाही. तसं... हवेशीर आहे."

"बघ!" सासूबाई सुनेला म्हणाल्या. "आपल्या हल्लीच्या घरात माणूस हॉलमध्ये घुसमटतो. आणि ते टकटक, गुरगुर? गच्चीचं काय?"

"गच्ची ठणठणीत आहे हो," साहेब खाली मान घालून म्हणाले. "तो मीच. उभं राहून पाय आखडले."

पुढच्या दहा मिनिटांत घर पक्कं झालं. जाताना सासूबाई मेहुण्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला बसायला निदान स्टूल तरी देत जा. वय झालंय हो त्यांचं."

ग्राहक गेल्यावर साहेब उसळले. "कडी कशाला लावलीत? आत बघायचं तरी!"

"भाऊजी, तुमच्या चपला दाराबाहेर होत्या," मेहुणा म्हणाला. "त्या दिसल्या तेव्हाच सगळं कळलं."

"आणि तरीही?"

बाईंनी वही उघडून समोर धरली. एक्केचाळीस नियमांच्या खाली लाल शाईत आणखी एक होता. 'बेचाळीस. दाराबाहेर साहेबांच्या चपला दिसल्या, तर साहेब जिथे असतील तिथे बाहेरून कडी लावावी. काम झाल्यावरच उघडावे.' अक्षर साहेबांच्या चांगलंच ओळखीचं होतं. पंचवीस वर्षं सामानाच्या याद्या त्याच अक्षरात त्यांच्या खिशात पडत आल्या होत्या.

बारा वाजून वीस मिनिटांनी ते घरी पोचले. बायको तयार होऊन बसली होती.

"मिळाला पाव?"

"मिळाला," साहेब म्हणाले. मग त्यांना राहवेना. "अगं, विकलं त्यांनी घर! आठ महिने मला जमलं नाही, ते त्या दोघांनी विकलं!" आवाज थोडा कापरा झाला. आनंदाने की कशाने, ते त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

"ऐकलं मी. भावाचा फोन आला होता. चला आता."

तेवढ्यात साहेबांचा फोन थरथरला. मेहुणा होता. बायको नुसती बघत राहिली. साहेबांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग कपडे ठेवायचं कपाट उघडलं, फोन आत ठेवला आणि दाराला कडी घातली. आत गुरगुर सुरूच राहिली.

"कसला हो आवाज?" बायकोने विचारलं.

"वरच्या मजल्यावर काम चाललंय," साहेब म्हणाले आणि चपला घालू लागले.

त्यांचं घर बैठं होतं.