सुमनआत्या गॅसवर आहे

"जरा थांबा हं, सुमनआत्या गॅसवर आहे," असं शेजारच्या सावंतकाकांनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा माझ्या हातातली विरजणाची वाटी पडता पडता राहिली. आम्ही डोंबिवलीतल्या या बिल्डिंगमध्ये नुकतेच राहायला आलेलो. म्हटलं, झालं! चांगला शेजार मिळाला!

सुमनआत्या म्हणजे पितळेचं पातेलं. काकांकडच्या प्रत्येक भांड्यावर ते देणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. कुणी लग्नात दिलेलं, कुणी वास्तुशांतीला, काही तर काकांच्या आजीच्या वेळचं. आपण सगळेच भांड्यांवर नावं घालतो आणि विसरतो. काका मात्र भांड्याला त्याच नावाने हाक मारत. भिकूमामा म्हणजे तांब्या, बेबीमावशी म्हणजे कढई. "भिकूमामातलं पाणी प्या, गार आहे." आयुष्य गेलं खोपटच्या डेपोत एसटीच्या गाड्या पुकारण्यात, त्यामुळे आवाज असा, की आज बेबीमावशीत भेंडी आहे हे अख्ख्या मजल्याला कळायचं.

मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, ही सगळी माणसं गेली ना हो वर! कशाला त्यांना रोज गॅसवर चढवता?"

"आमची ही गेल्यापासून घरात कुणाचं तरी नाव निघायला नको का?" ते म्हणाले आणि भिकूमामाला विसळायला लागले. मला मेलीला कुठून विचारलं असं झालं.

यंदा त्यांच्या मुलीने, हेमाने, त्यांना बंगळुरूला न्यायचं ठरवलं. मुलगी गुणाची, बापाचा जीव की प्राण. पण फोनवर स्पष्ट म्हणाली, "बाबा, एकच बॅग. भांडी मोडीत द्या, माझ्याकडे जागा नाहीये." मोडीत! काका त्या दिवशी जेवले नाहीत. पितळ वितळलं की नाव गेलं, आणि त्या नावांची माणसं आठवणारे आता एकटे काकाच उरलेले.

मग मुलीला स्थळ बघावं तशी त्यांनी बिल्डिंगमध्ये एकेकासाठी घरं बघायला घेतली. बेबीमावशी वरच्या कांबळेताईंकडे गेली, भिकूमामा तळमजल्यावर. रिकामं भांडं द्यायचं नाही म्हणून प्रत्येकात मूठभर साखर. सुमनआत्या माझ्याकडे आली. "तापट आहे, पटकन तळाला लागते. सांभाळून घ्या," काका म्हणाले. काकूंच्या नावाची वाटी तेवढी स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत गेली.

जायच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. काका दारात, हातात कोरं करकरीत स्टीलचं पातेलं. आत साखर. काठावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं: 'वसंत सावंत यांजकडून'.

"सगळ्यांना घर मिळालं हो," ते म्हणाले. "माझ्या नावाचं भांडंच कुठे नव्हतं. कधी कुणाला दिलंच नाही."

मी पातेलं घेतलं, आत या म्हटलं, तर हलेनात. पायाने पायपुसणं सारखं करत हळूच म्हणाले, "एकदा म्हणून दाखवता का?"

काय, ते मला कळलं. स्वयंपाकघराकडे तोंड करून मी ओरडले, "अहो, उद्याचं दूध सावंतकाकांत तापवा हं!"

"बरं!" आतून आमचे हे म्हणाले.

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"मंद गॅसवर ठेवा," ते म्हणाले. "लक्ष नसलं की उतू जातो मी."