जेवणानंतरची सातवी-ब

राजकुमार सरांना एकोणीस वर्षांत एकदाही दुपारच्या जेवणानंतर पाठ टेकायला मिळाली नव्हती. दारव्ह्याजवळच्या त्यांच्या शाळेत दर जूनला वेळापत्रक लागायचं आणि दर जूनला मधल्या सुट्टीनंतरचा सातवी-बचा तास त्यांच्याच नावावर निघायचा. वर टिनाचं छप्पर, शेजारी खिचडीची खोली आणि समोर पोटं भरलेली सत्तेचाळीस पोरं. त्यात विषय भूगोल! त्या वेळी मोकळे असलेले शिक्षक स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून सरांच्या नशिबाबद्दल हळहळत आणि मग डोळे मिटत.

तक्रार करायची तर कोणाकडे? वेळापत्रक माणूस लावतच नव्हता. गणिताच्या भीमराज सरांनी फार वर्षांपूर्वी बेसिक नावाच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता, तोच सगळ्यांचे तास ठरवायचा. कोणी कुरकुर केली की भीमराज सर चष्मा पुसत सांगायचे, यंत्राला ना भाऊ ना भाचा, ते कोणाची बाजू कशाला घेईल? राजकुमार सरांना हे पटायचं. एका दसऱ्याला मात्र त्यांनी त्या कॉम्प्युटरसमोर गुपचूप नारळ फोडून पाहिला. काही फरक पडला नाही.

यंदा भीमराज सर निवृत्त झाले आणि शाळा उघडायला चार दिवस उरले असताना तो म्हातारा कॉम्प्युटरही कायमचा बंद पडला. नव्याने लागलेल्या उर्वशी मॅडमनी त्यातून प्रोग्राम तेवढा वाचवला. नव्या मशीनवर तो चालणार नव्हता, पण एका भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या भाषेत करून देणारं साधन आता मिळतं, बेसिकचं पायथन करून टाकू, असं त्या म्हणाल्या. राजकुमार सरांच्या अंगात वारंच शिरलं. भाषा बदलणार म्हणजे नशीबही बदलणार, असं ते धरूनच चालले. दोन दिवस ते घरून थर्मास भरून आणून मॅडमना चहा पाजत होते.

भाषांतराच्या त्या साधनाने अर्ध्या मिनिटात काम उरकलं. नवं वेळापत्रक छापून निघालं. मधल्या सुट्टीनंतर, सातवी-ब, राजकुमार सर. सोमवार ते शुक्रवार.

"मॅडम, हे बरोबर चालून नाही राह्यलं," सर म्हणाले. "भाषांतर चुकलं तुमचं. मुळात काही वेगळंच असन."

पहिलीच नोकरी, पहिलंच काम आणि त्यावरच शंका! उर्वशी मॅडम चिडल्या. त्यांनी साधनाला पुन्हा जुंपलं. पहिल्या खेपेला त्याने भीमराज सरांनी ओळींच्या मध्ये स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपा गाळल्या होत्या; आता त्याही आण आणि कोणती ओळ काय करते ते सोप्या मराठीत लिही, असा हुकूम सोडला. निघालेले कागद घेऊन त्या थेट स्टाफरूममध्ये गेल्या. तिथे मुख्याध्यापिका नंदाबाई आणि बाकीचे शिक्षक होतेच, शिवाय पेन्शनच्या कागदांसाठी आलेले भीमराज सरही चहा घेत होते. मॅडम सर्वांसमोर मोठ्याने वाचू लागल्या आणि भीमराज सरांनी कप खाली ठेवला.

पहिली टीप नंदाबाईंची होती. सोमवारी पहिला तास नको, दारव्ह्याची जीप भरल्याशिवाय निघत नाही. मग पूनमसिंग सर, सोयाबीनच्या काढणीत शेवटचा तास नको. रंजिता मॅडमना नववी-अ नको, तिथे नणंदेचा मुलगा आहे. आणि त्याखाली, मी स्वतः, जेवणानंतर तास नको, कारण लिहिण्याची गरज नाही.

भीमराज सरांच्या कानात आपण एकट्यानेच सांगितलं, असं आजवर प्रत्येकाला वाटत होतं. पूनमसिंग सर उकाड्याबद्दल काहीतरी पुटपुटले. नंदाबाई खिडकीतून मैदान पाहू लागल्या.

राजकुमार सर मात्र उभे राहिले. "म्हणजे सगळ्याइचे लाड झाले अन् मले टिनाखाली भाजलं?" ते भीमराज सरांकडे वळले. "मी काय वाईट केलतं तुमचं, सर?"

नंदाबाईंना मनापासून लाज वाटली. हा अन्याय आहे, सरांचा तास आजच्या आज बदला, असं त्यांनी सांगून टाकलं आणि सगळ्यांनी भराभर माना डोलावल्या. राजकुमार सरांना एकोणीस वर्षांनी सुटका दिसली.

"तुमचीपण टीप हाये, सर," उर्वशी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी शेवटचा कागद वाचला. "राजकुमार सर. नवीन आहेत. स्वतः येऊन म्हणाले, कोणाले नको असन तो तास मले द्या. उत्साह ओसरला की ही ओळ काढणे."

सरांना लख्ख आठवलं. नोकरीचा दुसरा दिवस, कडक इस्त्रीची पँट, आणि हेच शब्द. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि नारळ मात्र यंत्रापुढे फोडला होता.

"मंग काढली काहून नाही?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"दरसाल जूनमध्ये मी तुमच्याकडं पाहो," भीमराज सर म्हणाले, आणि त्यात थट्टेचा लवलेशही नव्हता. "मले उत्साह दिसे. आताही दिसून राह्यला."

नंदाबाईंचे डोळे पाणावले. असा शिक्षक आपल्या शाळेत आहे आणि आपल्याला पत्ता नाही, असं त्या म्हणाल्या. रंजिता मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. उर्वशी मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"बोला, सर. ओळ काढू? उत्साह ओसरला असं कारण लिहा लागन फक्त."

सगळी स्टाफरूम त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. राजकुमार सरांनी घाम पुसला.

"राहू द्या," ते म्हणाले. "हाये थोडा अजून."